चौदावी पायरी

भयपट म्हटलं की लोक नाक मुरडतात. आमच्या चर्चमधल्या बाया अजून विचारतात, "विनी, तू म्हणे त्या रक्ताबिक्ताच्या सिनेमांत कामाला होतीस?" जशी काही मी खाटकाच्या दुकानात होते. होते बाई, छत्तीस वर्षं होते, आणि मला त्याची काडीचीही लाज नाही. उलट ज्यांना सहा घोडे, दोनशे माणसं आणि समुद्रकिनारा दिल्याशिवाय सिनेमा करता येत नाही, त्यांनी आमच्याकडे येऊन आठवडाभर बसायला हवं होतं. लाकूड, कापड, रंग आणि एक घाबरलेला चेहरा, एवढ्यावर आम्ही माणसांना खुर्चीच्या टोकावर आणून बसवत होतो.

माझं काम कंटिन्युइटीचं. कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसायचं, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर कागद. मेणबत्ती कुठल्या हातात होती, किती जळली होती, कोटाचं कुठलं बटण उघडं होतं, कुठला शॉट झाला आणि कुठला राहिला, सगळं टिपायचं. लोकांना वाटे, बाई नुसती बसलीय. बसलीय! संध्याकाळी माझा कागद ऑफिसात जायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्खा स्टुडिओ त्या कागदावर चालायचा. विनिफ्रेड टॅप्सकॉटने 'झालं' लिहिलं की झालं, परत कोणी विचारायला येत नसे.

सत्तर सालच्या नोव्हेंबरात थेम्सकाठच्या आमच्या लहानशा स्टुडिओत एक सिनेमा चालू होता. त्याचं नाव दर आठवड्याला बदलायचं, म्हणून मी ते सांगायच्या फंदात पडत नाही. एक घर, चार भाडेकरू, चार गोष्टी. घराने एकाला गिळलं की दुसरा सामान घेऊन दारात हजर. युक्ती साधी होती आणि फार हुशार होती. घर एकदाच उभारायचं, आणि दर गोष्टीला रंग, पडदे, सामान बदलायचं. नटसुद्धा एकेका गोष्टीपुरते, सहा-सहा दिवसांच्या बोलीवर.

ते घर विल्फ बॅगशॉ या आमच्या सुताराने बांधलेलं. काय घर होतं हो! भिंती अगदी अर्धं बोट तिरक्या, दिसायच्या नाहीत, पण पोटात कसंतरी व्हायचं. धूळ आम्ही चाळणीने पाडायचो. कोळिष्टकं रबराच्या रसाची, पंख्यासमोर धरून उडवलेली. जिना तर विल्फने असा केला होता, की कठड्यावरून हात फिरवावासा वाटे आणि फिरवला की काढून घ्यावासा वाटे. भिंतीमागे नुसत्या फळ्या आणि खिळे आहेत हे मला ठाऊक होतं, तरी जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याखाली एकटं बसायची माझी छाती झाली नाही. याला कसब म्हणतात.

तिसऱ्या गोष्टीचा नायक म्हणून मोठा नट ठरला होता. त्याला ऐनवेळी कावीळ झाली, आणि धावाधाव करून लायनेल क्वेफना बोलावलं. तुम्ही त्यांना शंभरदा पाहिलं असेल आणि नाव माहीत नसेल. अडुसष्ट वर्षांचे, लांबट चेहरा, एक गुडघा कामातून गेलेला. चाळीस वर्षं त्यांनी बटलर केले, पाद्री केले, घोडागाडीवाले केले. "तिकडे जाऊ नका साहेब" म्हणायचं आणि पहिल्या अर्ध्या तासात मरायचं, ही त्यांची कारकीर्द.

"माझी बहीण वैतागलीय माझ्यावर," सार्डिनचं सँडविच खाता खाता ते मला म्हणाले होते. "म्हणते, लायनेल, तू लवकर मरतोस आणि उरलेला सिनेमा मला उगाच बघत बसावं लागतं."

"मग या वेळी तरी वाचताय का?"

"छे! पण या वेळी शेवटाला मरतो, विनी. गोष्टीच्या शेवटच्या शॉटला, एकटा, आणि कॅमेरा सगळा वेळ माझ्यावर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

हसत हसत म्हणाले, पण हातातलं सँडविच तसंच राहिलं होतं. या माणसाला हे किती हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

त्यांची गोष्ट अशी. गणिताचे एक निवृत्त मास्तर त्या घरात राहायला येतात. त्यांना सगळं मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्या तेरा. एके दिवशी मोजतात तर चौदा. दुसऱ्या कुणी मोजल्या की तेरा. शेवटच्या शॉटमध्ये ते हातात दिवा घेऊन एकेक पायरी मोजत वर चढतात, आणि चौदाव्या पायरीवर पाय पडताच त्यांना उमगतं की घर त्यांच्यासाठीच जागा करत होतं. बस, एवढंच. ना रक्त, ना किंकाळी. सगळी मदार चेहऱ्यावर. आणि हो, पायरीवर. त्यासाठी विल्फने माथ्यावर एक जादा पायरी आणि तिच्या मागची जमीन उचलून बसवली होती.

गुरुवारी, दिवस संपायला पाच मिनिटं असताना, ऑलनट म्हणाला, "मिस्टर क्वेफ, एकदा नुसतं चढून दाखवता? उद्यासाठी." डेरेक ऑलनट आमचा दिग्दर्शक, पोरसवदा, सदा घाबरलेला, पण नजर चांगली. कॅमेरा बंद होता. कॅमेरावाला पाइप ओढत उभा होता. मी सवयीने स्टॉपवॉच दाबलं.

क्वेफ चढले. मी काय सांगू तुम्हाला? तेरा म्हणताना त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता, आणि मग पाय पुढे गेला, आणि ओठ "चौदा" म्हणायला उघडले ते तसेच राहिले. बावन्न सेकंद. मी लिहून टाकलं, डोळे पुसले आणि घरी गेले.

आता शुक्रवार. क्वेफांचा शेवटचा दिवस. सोमवारपासून ते साउथएंडला नाताळच्या नाटकाच्या तालमीला जाणार होते, आणि आमचे रंगारी त्याच संध्याकाळी सहाला घराचा ताबा घेणार होते. चौथ्या गोष्टीसाठी सगळं हिरवं करायचं होतं. दिवसभर आम्ही खालच्या खोलीतले तुकडे घेत होतो, जिन्यापुढे काळा पडदा सोडलेला होता. साडेचारला ऑलनट म्हणाला, "चला, आता जिना."

पडदा ओढला. जिन्याला पायऱ्या तेरा.

"विल्फ!" ऑलनट किंचाळलाच. "वरची पायरी कुठेय?"

"काढली," विल्फ म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसच्या यादीवर होतं ना, जिन्याचा शॉट झाला म्हणून. झालेलं काढायचं, पुढचं बसवायचं. रोज हेच करतो मी."

"अरे, झाला कुठे शॉट!"

"मग यादीवर कसा आला? ती पायरी फोडली मी साहेब. तिच्या फळ्या आता स्वयंपाकघराच्या भिंतीत गेल्यात."

ऑफिसची यादी कशावरून होते ते मला नाही तर कोणाला माहीत असणार? मी कालच्या कागदाची कार्बन प्रत काढली. माझंच अक्षर, स्वच्छ, सुंदर. जिना, शेवटचा शॉट, बावन्न सेकंद, झाला.

मी ती प्रत घडी करून पिशवीत खाली दाबली. खोटं कशाला बोलू? तोंड उघडायचं धाडस झालं नाही. एकतीस वर्षांत माझ्या कागदावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात निर्माता व्होस्पर आला. जेराल्ड व्होस्पर, हातात कायम घड्याळ, जसं काही घड्याळानेच सिनेमा होतो.

"नवी करायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"सुतारकाम, रंग, जुनाट करणं... दोन तास," विल्फ म्हणाला.

"मग नको. एक फळीसुद्धा बसवायची नाही, सोमवारचं काम खोळंबेल. सरळ हिशेब आहे. सिनेमा तसाही लांब झालाय. या गोष्टीला शेवट मिळाला तर ठेवू, नाही मिळाला तर काढून टाकू. तीन गोष्टी पुष्कळ झाल्या."

"पण साहेब, मिस्टर क्वेफचं सहा दिवसांचं काम—" ऑलनट म्हणाला.

"त्यांना सहा दिवसांचे पैसे मिळतील की!" आणि व्होस्पर निघून गेला. क्वेफ चार हातांवर उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चार गोष्टींच्या सिनेमाचं हेच वाईट. एक गोष्ट अख्खी उचलून फेकून दिली तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षांनी मिळालेली भूमिका, आणि ती कात्रीने अशी काढली जाणार की खाली डागही राहणार नाही. तेही माझ्या पेन्सिलीमुळे.

क्वेफ जिना चढले, उतरले, परत चढले. मग कठड्याला टेकून त्यांनी हाक मारली, "विल्फ, पायरी किती इंचांची होती?"

"सात."

"सात. बघू या, माझ्यात सात निघतात का. मिस्टर ऑलनट, कॅमेरा वर ठेवा आणि मला छातीपासून वर घ्या. पाय दाखवू नका."

"पण मिस्टर क्वेफ, पायरीच नाही तर..."

"तेरा पायऱ्या मी गुडघ्यात वाकून चढतो. थोडा थोडा, कळणार नाही असा. वर पोचलो की सात इंच माझ्याकडे शिल्लक असतील."

त्यांनी करून दाखवलं. तुम्ही घरी करून बघा, म्हणजे कळेल. धडधाकट गुडघ्यांनीसुद्धा तीन पायऱ्यांत मांड्या थरथरायला लागतात. हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी एका गुडघ्यावर तेरा पायऱ्या अर्धवट बसून चढला, चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही, हातातला दिवा स्थिर. आणि माथ्यावर, सपाट जमिनीवर, त्यांनी पाय उचलला, टाच खाली आपटली आणि अंग वर खेचलं. विल्फ माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या तोंडातला खिळा खाली पडला.

दिवे लावायला वेळ गेला. पाच वाजून चौदा मिनिटांनी पहिला टेक. क्वेफ मोजत निघाले. सात, आठ, नऊ. दहा, अकरा, आणि फट्ट! वरचा एक मोठा दिवा फुटला. काचा जिन्यावर सांडल्या.

"कट," ऑलनट म्हणाला. रडायचाच बाकी होता.

काचा झाडून, दिवा बदलून होईतो पाच एकोणीस झाले. क्वेफ खालच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हातांनी गुडघा दाबून.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमचा दिवस पाच वीसला संपायचा. पाच एकवीस नाही. शॉट राहिला असेल तर दिग्दर्शकाने युनियनच्या प्रतिनिधीकडे पाव तास मागायचा. मग सगळ्यांनी हात वर करायचे. एका जरी खात्याचा हात खाली राहिला तरी दिवे बंद, मग समोर कितीही मोठा नट असो. एरवी सहज मिळायचा पाव तास. पण त्या आठवड्यात सोमवारी व्होस्परने फतवा काढला होता की चहाची गाडी सेटवर आणायची नाही, कपांचा आवाज होतो आणि कामगार रेंगाळतात. चहा प्यायचा तर बाहेर गारठ्यात जाऊन प्या. आमच्या माणसांना शिव्या द्या, एकवेळ ऐकून घेतील. चहाला हात लावलात तर मेलात! सोमवारपासून रोज संध्याकाळी ऑलनट पाव तास मागत होता आणि रोज नन्नाचा पाढा ऐकत होता.

आमचा प्रतिनिधी क्लेम डॉगेट, दिवेवाल्यांचा मुकादम. देहाने कपाटाएवढा, मनाने बरा, पण हट्टी.

"क्लेम," ऑलनट म्हणाला, "पाव तास दे रे."

"नाही."

"एकच शॉट आहे. मिस्टर क्वेफ उद्या नाहीत, घर उद्या नाही."

"तुमच्यावर राग नाही ऑलनटसाहेब. मिस्टर क्वेफवर तर मुळीच नाही. पण पायरी गेली कशाने? व्होस्परच्या घाईने. सोमवारपासून नुसतं पळा, पळा, पळा. त्याच्या ऑफिसने न झालेला शॉट झाला म्हणून लिहिला. घोळ त्याने घालायचा आणि निस्तरायचा आम्ही? आधी चहा नेला, मग पायरी नेली. उद्या बुडाखालची खुर्ची नेईल. एक गोष्ट गेली तर जाऊ दे, त्याशिवाय अक्कल यायची नाही त्याला."

"बरोबर आहे," मागून दोघं-तिघं म्हणाले. विल्फ सगळ्यात जोरात म्हणाला.

क्लेमचा हात दिव्यांच्या मोठ्या खटक्याकडे गेला. मी क्वेफांकडे पाहिलं. ते उठून उभे राहत होते, कठड्याला धरून, आणि कोटाची बटणं सोडत होते. विनवणी नाही, चिडचिड नाही. जसं काही चाळीस वर्षांची सवयच होती.

मग माझ्याने राहवलं नाही.

"क्लेम, थांब," मी म्हटलं. "व्होस्परचा दोष नाही. पायरी मी काढली."

"तू?" विल्फ म्हणाला. "तुला हातोडी तरी धरता येते का?"

मी पिशवीतून ती प्रत काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे पाऊण तास मी सगळ्यांच्या शिव्या खातोय, आणि तू तिथे बसून पेन्सिलीला टोक काढत होतीस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली म्हणून तर गप्प होते."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतेस! मागच्या महिन्यात दाराची मूठ डावीकडे लागली म्हणून चारचौघांत माझी अब्रू काढलीस!"

"काढली. आता तू माझी काढ. पण आधी ऐकून घे."

क्लेमने खटक्यावरचा हात काढला नव्हता. "झालं कसं हे, विनी? तुझ्या हातून?"

खरं कारण सांगायचं मला मरणाचं जिवावर आलं होतं, कारण ते समोरच उभं होतं, बटणं सोडत. पण सांगितलं. "काल संध्याकाळी मिस्टर क्वेफनी नुसतं चढून दाखवलं. कॅमेरा बंद होता. मला ते कळलंच नाही. मी वेळ घेतली, लिहिलं, आणि घरी गेले. माझ्या मनात तो शॉट झालेला होता. आज सकाळीसुद्धा झालेलाच होता. एकतीस वर्षांत मी कित्येक मोठमोठ्यांना बघितलंय, माझ्या हातून असं कधी झालं नाही. दुसऱ्या कुणाच्या चढण्यापायी होणारही नाही."

क्वेफांचा हात बटणावरच थांबला होता.

कॅमेरावाल्याने पाइप काढला. "खरं सांगू का," तो खाकरून म्हणाला, "मीही काल घरी बायकोला सांगितलं, आज जिन्याचा शॉट घेतला म्हणून. सकाळी कॅमेऱ्यावरचा फिल्मचा आकडा बघितला, तर तो जागचा हललेलाच नाही. मला वाटलं मीच म्हातारा झालो."

कोणीतरी हसलं. क्लेम मात्र हसला नाही. घड्याळात पाच वीस झाले होते.

"आणि सोमवारी?" तो म्हणाला. "सोमवारी व्होस्पर म्हणणार, बघा, वाकले. चार दिवस धरून ठेवलंय आपण. चहा कायमचा गेला समजा."

हेही खोटं नव्हतं.

उत्तर विल्फने दिलं. माझा कागद चुरगळून त्याने खिशात कोंबला आणि हात वर केला. "माझं सुतारकाम तो माणूस गुडघ्याने भरून काढतोय," तो म्हणाला. "आणि मी काय घरी जाऊन मासे तळू? चहा बाहेर पिईन मी. बर्फात उभा राहून पिईन. विनीशी बोलणार मात्र नाही."

मग कॅमेरावाल्याचा हात. आवाज टिपणारे दोघं. कपडेवाली. रंगारी तर सहाचे होते, त्यांना मत नव्हतं, तरी दारातून त्यांनी हात वर केले. शेवटी सगळे क्लेमकडे बघत राहिले.

"ऑलनटसाहेब," क्लेम म्हणाला, "व्होस्परला पाव तास नाही. साफ नाही. हा पाव तास मिस्टर क्वेफना." आणि त्याने हात वर केला.

क्वेफांनी बटणं परत लावली. सगळी, खालून वर, काल होती तशी. मला ती तपासावी लागली नाहीत. जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलणार, आणि बोलले असते तर तो त्यांचा हक्कच होता.

"बावन्न सेकंद?" त्यांनी विचारलं.

"बावन्न."

"आज जरा जास्त लागतील. गुडघा कुरकुरतोय."

कॅमेरा सुरू झाला. एक. दोन. तीन. पाचव्या पायरीला मला त्यांची मांडी कापताना दिसली. मला दिसली, कॅमेऱ्याला नाही. आठव्याला कपाळावर घाम आला, आणि तो माणूस इतका बेरकी, की त्याने घाबरल्यासारखं करून तोही कामाला लावला. अकरा. वर दिवा फुटला नाही. बारा. तेरा म्हणताना चेहरा निवळला, एखाद्याला आपलं सगळं सामान जागच्या जागी मिळावं तसा. मग पाय उचलला. तिथे काही नाही हे मला माहीत होतं. माझ्या दोन डोळ्यांनी मी सपाट फळ्या बघत होते. टाच वाजली, अंग वर गेलं, सावकाश, पूर्ण सात इंच, आणि ते चेहऱ्याने काय बोलले ते मला लिहिता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या मागे क्लेम डॉगेट, कपाटाएवढा क्लेम, "अरे देवा" म्हणाला.

"कट!"

पाच तेहेतीस. क्वेफांना खाली येता येईना. गुडघा अडकला होता. विल्फ तेरा पायऱ्या चढून गेला, त्याने त्यांना पाठीवर घेतलं आणि खाली आणून खुर्चीत बसवलं. कोणीतरी बाहेरून चहा आणला. सेटवर, सगळ्यांच्या देखत.

सोमवारी दुपारी आम्ही प्रक्षेपणाच्या छोट्या खोलीत शुक्रवारचं काम बघायला बसलो. व्होस्पर पुढे, घड्याळ हातात. ऑलनट, विल्फ आणि मी मागे. विल्फ आणि माझ्यामध्ये एक खुर्ची रिकामी होती. शुक्रवारी काय झालं ते व्होस्परला कोणी सांगितलं नव्हतं. तीन गोष्टींचा आराखडा त्याच्या मांडीवर तयार होता. मी ठरवलं होतं, बघून झालं की त्याला माझ्या चुकीचं सांगायचं आणि काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

दिवे मालवले. पडद्यावर क्वेफ चढले.

दिवे लागायच्या आधीच व्होस्पर ताडकन उठला. मागे वळला. रागाने लाल झाला होता.

"बॅगशॉ! मी काय सांगितलं होतं? एक फळी बसवायची नाही! कोणाला विचारून बसवलीस ती पायरी?"

"नाही बसवली साहेब," विल्फ म्हणाला.

"मला आंधळा समजतोस? आत्ता डोळ्यांनी बघितली मी!"

विल्फने माझ्याकडे पाहिलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. ऑलनट खालच्या आवाजात म्हणाला, "परत बघा साहेब."

रीळ परत लावलं. या वेळी व्होस्पर बसला नाही. पडद्याजवळ जाऊन उभा राहिला आणि क्वेफांबरोबर बोटांवर मोजू लागला, मोठ्याने. दहा, अकरा, बारा. तेराला त्याचा आवाज बारीक झाला. चौदा तो म्हणालाच नाही. नुसता हळूच खाली बसला, आणि मांडीवरचा तो आराखडा घसरून पायाशी पडला तरी त्याने उचलला नाही.

"ही गोष्ट राहते," तो म्हणाला. मग वळून आमच्याकडे बघितलं. "काय नाव म्हणालात त्या माणसाचं?"

"लायनेल क्वेफ," आम्ही तिघं एकदमच म्हणालो.